पैज उघड्यावर यावी : विश्व पूल-बिलियर्ड संघटनेच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

माननीय अध्यक्ष,
विश्व पूल-बिलियर्ड संघटना,
यांचे सेवेशी,



स्नूकर हा खेळ ज्या देशातील जबलपूरच्या लष्करी छावणीत 1875 साली जन्मास आला, आणि ज्या देशाला जागतिक अजिंक्यपदाचा पहिला मान पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली बिलियर्ड्सच्या टेबलावर मिळवून दिला, त्या देशातील एका प्रेक्षकाचे हे पत्र आहे. क्यू हाती धरण्याचे कसब मजपाशी बेताचेच आहे. परंतु ज्या खेळावर आपला जीव जडला त्याच्या कारभाराविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार प्रेक्षकासही असतो, एवढ्याच आधारावर आपला वेळ घेण्याचे धाडस करीत आहे. विषय आपणांस अपरिचित नाही. व्यावसायिक पूलच्या टेबलाभोवती फिरणारा पैजेचा पैसा, आणि खेळाडूच्या वतीने तो पैसा लावणारे धनिक पाठीराखे, यांची रीतसर नोंद ठेवणारी व्यवस्था आपल्या संघटनेने उभी करावी, ही माझी विनंती आहे. आणि ती का करावी लागत आहे याची कारणे पुढे सादर केली आहेत.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट. द्यूत हे व्यसन असून खेळाडूंनी त्यापासून दूर राहावे, असा कीर्तनकाराचा उपदेश करण्याचा माझा हेतू नाही. क्यूने खेळावयाच्या खेळांचे आणि पैजेचे नाते इतके जुने आहे, की एकाचा इतिहास दुसऱ्याला वगळून लिहिताच येत नाही. खुद्द स्नूकर ज्या खेळांच्या संयोगातून उद्भवले त्यांपैकी पूलच्या प्रकारांत, ज्याचा चेंडू पॉकेटमध्ये गेला त्याने तिथल्या तिथे रोख रक्कम मोजावी, अशी रीतच होती. अमेरिकेत 12 एप्रिल 1859 रोजी डेट्रॉइट शहरी मायकेल फेलन आणि जॉन सीरायटर यांच्यात बिलियर्ड्सचा जो गाजलेला सामना झाला, त्यावर 15,000 डॉलरांची बाजी लागली होती. 1961 पासून इलिनॉय राज्यातील जॉन्स्टन सिटी या लहानशा गावी जान्स्को बंधूंनी भरविलेल्या स्पर्धांना देशभरचे नामांकित खेळाडू लोटत, ते जाहीर बक्षिसासाठी थोडे आणि रात्रभर चालणाऱ्या पैजांसाठी अधिक. 1972 साली सरकारी अंमलदारांनी तेथे धाड घातली आणि तो मेळा मोडला. मेळा मोडला, पण पैज मोडली नाही. ती दुसऱ्या गावच्या मागल्या खोलीत जाऊन बसली. ज्या गोष्टीचे उच्चाटन दीड शतकात कोणाच्याने झाले नाही ते आपण करावे, असे सांगण्याइतका मी भोळा नाही. माझा आक्षेप पैजेमागे झाकून ठेवलेल्या भागीदारीवर आहे.

हे पत्र उघड असल्याने ते आपल्याबरोबर इतरांच्याही वाचनात येईल. त्यांच्यासाठी या भागीदारीचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत ज्याला स्टेक-हॉर्स म्हणतात तो गृहस्थ स्वतः खेळत नाही. कोठे तो पैसेवाला व्यापारी असतो, कोठे पेशाने जुगारी. खेळाडूची बाजी, प्रवासखर्च आणि मुक्कामाचा खर्च तो आपल्या खिशातून भरतो. खेळाडू हरला तर रक्कम पाठीराख्याची बुडते. जिंकला तर निम्म्याने अगर ठरल्या प्रमाणाने वाटणी होते. वॉल्टर टेव्हिस यांच्या कादंबरीवरून 1961 साली निघालेल्या ‘द हसलर’ या चित्रपटात बर्ट गॉर्डन नावाचा पाठीराखा शेकडा 75 स्वतःकडे ठेवून नायकाला 25 देऊ करतो. चित्रपटाची अतिशयोक्ती वजा केली, तरी या व्यवहारात वजन कोणाचे असते ते त्यातून नीट कळते. पुष्कळदा मागील बुडीत रक्कम पुढील विजयातून प्रथम वळती करून घेतली जाते आणि मगच उरलेल्याची वाटणी होते. आपल्याकडील अर्धेलीच्या शेतीत बियाणे मालकाचे आणि कष्ट कुळाचे असत, आणि दोन वर्षे लागोपाठ पाऊस हुकला की तिसऱ्या वर्षीची सुगी खळ्यावरूनच मागील बाकीपोटी मालकाच्या कणगीत जाई; त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की कुळाचा निदान कोठे तरी कागद असे. येथील करार बहुधा तोंडी असतो, त्याला साक्षी नसतो, आणि टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला अथवा तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला त्याची गंधवार्ताही नसते.

या व्यवहाराचा पहिला परिणाम खेळाडूच्या कीर्तीवर होतो, आणि तो मोठा विलक्षण आहे. गवयाला, मल्लाला, फलंदाजाला आपले नाव चार मुलखांत पोहोचावे असे वाटते, कारण नावाबरोबर त्याची बिदागी वाढते. पैजेवर जगणाऱ्या पूलच्या खेळाडूचे नाव पोहोचले, की त्याचा धंदा बसतो. कारण ज्याची ख्याती त्याच्याआधी गावात शिरली, त्याच्याशी बरोबरीची पैज लावण्यास कोण पुढे येणार? मग सवलतीची घासाघीस सुरू होते. नाइन-बॉलमध्ये नऊ क्रमांकाचा चेंडू रीतसर पॉकेटमध्ये घालील तो डाव जिंकतो. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला आठ क्रमांकाच्या चेंडूवरही जिंकण्याची मुभा द्यावी, किंवा काही डाव आधीच त्याच्या नावे जमा धरावे, असे सौदे ठरतात, आणि ज्याला आपले खरे कसब झाकून ठेवता येते तोच या सौद्यात सरस ठरतो. फिलिपीन्समधील पाम्पांगा प्रांतात जन्मलेले एफ्रेन रेयेस 1985 साली अमेरिकेत आले, तेव्हा ह्यूस्टनच्या खेळघरात त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. सेझार मोरालेस या नावाने ते खेळले, आणि 22 दिवसांत सुमारे 80,000 डॉलर त्यांनी जिंकले, अशी कथा या वर्तुळात आजही कौतुकाने सांगितली जाते. पुढे 1994 साली यू. एस. ओपन जिंकणारे पहिले परदेशी खेळाडू तेच ठरले, आणि 1999 साली कार्डिफ येथे जगज्जेतेही झाले. या खेळातील बहुधा सर्वश्रेष्ठ कलावंताला एका अवघ्या देशाशी पहिली ओळख खोट्या नावाने करून द्यावी लागली, हे कौतुकाने सांगण्यासारखे खचित नाही. जेथे कीर्ती ही तोट्याची बाब ठरते, तेथे वृत्तपत्रांनी लिहावे कोणाविषयी, प्रेक्षकाने ओढीने जावे कोणासाठी, आणि जाहिरातदाराने पैसा ठेवावा तो कोणाच्या नावावर? अलीकडे सामन्यांचे थेट प्रक्षेपण होऊ लागले आहे, आणि फार्गो रेटसारख्या पद्धतीने प्रत्येकाच्या खेळाचे मोल आकड्यात मांडले जाते; त्यामुळे कसब लपविणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. खेळाडू झाकलेला राहिला नाही. त्याच्या पाठीशी कोण आहे, ते मात्र अजून झाकलेलेच आहे.

दुसरा परिणाम त्याहून गंभीर आहे. महाभारतातील सभापर्वात फासे टाकण्यासाठी शकुनी पुढे सरसावतो, पण पणास लागणारे धन दुर्योधनाचे असते. तेव्हा धन एकाचे आणि खेळणारा दुसरा, हा प्रकार आपणांस विषम वाटतो, असा आक्षेप युधिष्ठिर आरंभीच नोंदवितो, आणि नोंदवूनही खेळावयास बसतो. शकुनीच्या कपटाची चर्चा आमच्याकडे पिढ्यानपिढ्या झाली. युधिष्ठिराच्या त्या आक्षेपाकडे मात्र आम्ही फारसे लक्ष दिले नाही. वस्तुतः त्यात द्यूतशास्त्राचे मर्म आहे. जो स्वतःच्या धनावर खेळतो त्याच्या मनात काय आहे ते समोरच्याला ठाऊक असते, कारण हरणे म्हणजे त्याचे स्वतःचे नुकसान. जो दुसऱ्याच्या धनावर खेळतो त्याचे तसे नाही. समजा, दोन्ही बाजूंनी 10,000 डॉलर लागले आहेत आणि वाटणी निम्मी ठरली आहे. खेळाडू जिंकला तर त्याच्या पदरी 5,000 पडतील. हरला तर त्याची कवडीही जाणार नाही. आता प्रतिपक्षाने त्याच्याशी गुप्तपणे संधान बांधून आपल्या लाभातले 5,000 त्याला देऊ केले, तर दोन्हीकडे रक्कम सारखीच. परंतु जिंकणे अनिश्चित, आणि हरणे मात्र हातचे. आखाड्यात जिला नुरा कुस्ती म्हणतात ती अशा हिशेबातून जन्म घेते, आणि तीत नागवला जातो तो खेळाडूवर विश्वास टाकणारा पाठीराखाच. बहुसंख्य खेळाडू या मोहाला बळी पडत नाहीत, हे त्यांच्या शीलाचे भूषण होय. परंतु ज्या व्यवस्थेत सचोटीला रोजच्या रोज तोटा सोसावा लागतो, ती केवळ व्यक्तींच्या शीलावर फार काळ तगत नाही.

जाहीर स्पर्धाही या व्यवहारापासून अलिप्त नाहीत. अमेरिकेतील कित्येक प्रादेशिक स्पर्धांत सामने सुरू होण्यापूर्वी खेळाडूंचा लिलाव पुकारला जातो. ज्याची बोली चढी त्याने तो खेळाडू घ्यावा, आणि त्या खेळाडूने क्रमांक पटकाविला म्हणजे बोलींतून जमलेल्या निधीतला हिस्सा त्या बोलीदारास मिळावा. या लिलावाला तिकडे ‘कॅलकटा’ म्हणतात. ब्रिटिश अमदानीत कलकत्त्यास घोड्यांच्या शर्यतीवर निघणाऱ्या सोडतीपासून हे नाव तेथवर पोहोचले. कधीकधी हा निधी स्पर्धेच्या जाहीर बक्षिसांपेक्षाही मोठा असतो, म्हणजे खऱ्या अर्थाने स्पर्धा जाहीर फलकाबाहेरच चाललेली असते. त्यातच, अंतिम सामन्यास उतरणाऱ्या दोघांनी पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसाची रक्कम आपसांत आधीच समसमान वाटून घेण्याचाही प्रघात आहे. त्यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. दोन थकलेल्या, कर्जाऊ पैशावर आलेल्या माणसांनी परस्परांना दिलेला तो दिलासा असतो. तथापि जो प्रेक्षक त्या सामन्यातील चुरस पाहण्यासाठी पैसे मोजून आला, त्याच्या हाती चुरशीचे सोंग पडते.

अध्यक्ष महोदय, येथवर वाचून दोष खेळाडूंच्या माथी मारण्याचा मोह होईल. म्हणून त्यांची बाजूही मांडली पाहिजे. विली मॉस्कोनी हे 15 वेळा जगज्जेते ठरले, 1954 साली ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय खेळात त्यांनी लागोपाठ 526 चेंडू पॉकेटमध्ये घातले, आणि पैजबाजांविषयीची आपली नापसंती त्यांनी कधी लपविली नाही. परंतु त्यांच्या या सोवळेपणाला ब्रन्सविक कंपनीचा आधार होता. तिच्या वतीने गावोगाव प्रदर्शनीय खेळ करून त्यांना मोबदला मिळे. ज्यांना असा आधार नाही त्यांनी कोणाच्या भरवशावर सोवळे पाळावे? 1996 साली डॅलस येथे अर्ल स्ट्रिकलंड यांनी लागोपाठ अकरा डाव प्रतिस्पर्ध्याला टेबलाशी येऊ न देता जिंकले आणि दहा लाख डॉलरांच्या जाहीर इनामावर हक्क मिळविला. त्यानंतर त्या इनामाचा विमा उतरविणाऱ्या कंपनीशी तंटा उपस्थित झाला, आणि ते प्रकरण अखेर तडजोडीने मिटवावे लागले. 2006 साली रेनो येथे केव्हिन ट्रूडो यांच्या इंटरनॅशनल पूल टूरची स्पर्धा रेयेस यांनी जिंकली. पहिले बक्षीस 5,00,000 डॉलरांचे होते, आणि एका स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाची एवढी रक्कम या खेळाने तोवर पाहिली नव्हती. ती वेळेवर आलीच नाही. खेळाडूंना हप्त्यांची वाट पाहावी लागली आणि ती संस्था अल्पावधीतच लयाला गेली. ट्रूडो यांना पुढे 2014 साली, एका पुस्तकाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात, न्यायालयाच्या अवमानाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. अशा अनुभवांनंतर एखादा खेळाडू जर म्हणाला, की व्यासपीठावरच्या पुठ्ठ्याच्या धनादेशापेक्षा मागल्या खोलीतली, खेळ सुरू होण्यापूर्वीच टेबलावर मोजून ठेवलेली बाजी अधिक विश्वासार्ह, तर त्याला उत्तर काय द्यावे? पैजेच्या व्यवहारात अनेक दोष आहेत, पण रक्कम आधी जमा करण्याची जी शिस्त तेथे आहे, ती प्रतिष्ठित आयोजकांनी शिकावी अशी आहे.

इतकेच काय, पैज उघड्यावर आली म्हणजे तिच्यातून उत्तम खेळही निपजतो. 1996 साली हाँगकाँग येथे रेयेस आणि स्ट्रिकलंड यांच्यात जो सामना झाला, त्यात विजेत्याला 1,00,000 डॉलर आणि पराभूताला शून्य, अशी अट होती. 120 डाव प्रथम जिंकणाऱ्याचा विजय ठरावयाचा होता, आणि तीन दिवसांच्या झुंजीनंतर रेयेस 120 विरुद्ध 117 असे जिंकले. रक्कम किती, ती कोणाला मिळणार आणि कोणत्या अटीवर, हे सर्वांना ठाऊक होते. आणि म्हणूनच त्या सामन्याची आठवण कोणत्याही शंकेवाचून निघते. पाठीराख्यांविषयीही हेच म्हणता येईल. फिलिपीन्समधील गरीब घरच्या अनेक मुलांना परदेशी स्पर्धांचे दार एखाद्या धनिकाने विमानभाडे भरल्यामुळेच उघडले गेले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. अशा गृहस्थांचे नाव खेळाडूच्या नावाशेजारी सन्मानाने छापले जावे, असे मला वाटते. ज्याचे नाव छापण्यास संकोच वाटतो, त्याच्या पैशाविषयी मात्र चौकशी व्हावी.

ही निकड आज अधिक आहे, कारण पाठीराख्याचे रूप पालटत आहे. 2024 साली जेद्दा येथे झालेल्या जागतिक नाइन-बॉल स्पर्धेत एकूण दहा लाख डॉलरांची बक्षिसे होती, आणि विजेते फेडोर गोर्स्ट यांना त्यांतील 2,50,000 मिळाले; म्हणजे ज्या खेळाला कालपर्यंत एखादा मोटारविक्या पोसत होता, त्याला आता सौदी अरेबियासारख्या संपन्न राज्याचे यजमानपद लाभले आहे. दुसरीकडे, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिलेल्या निकालानंतर क्रीडास्पर्धांवरील पैजा कायदेशीर करण्याची मुभा तेथील राज्यांना मिळाली, आणि लहानशा सभागृहातील, शंभर प्रेक्षकही नसलेल्या सामन्यावर दूरदेशीचा अनोळखी मनुष्य पैसा लावू शकेल अशी साधने घरोघर पोहोचली. मागल्या खोलीत निदान परस्परांचे चेहरे दिसत. येथे तेही नाही. याचे फळ काय असू शकते ते आपल्या शेजारच्या खेळात दिसले आहे. जून 2023 मध्ये स्नूकरच्या दहा चिनी खेळाडूंवर सामन्यांच्या निकालाशी निगडित गैरव्यवहाराबद्दल बंदी घालण्यात आली, आणि त्यांपैकी लियांग वेनबो व ली हांग यांना आजन्म बंदी झाली. स्नूकरची बेअब्रू झाली खरी. पण ती झाली याचे कारण तेथे तपास करणारी यंत्रणा होती आणि तिने तपास केला. ज्या घरात झडती होत नाही, त्या घराची अब्रू शाबूत दिसते, एवढेच.

आता उपाय. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात द्यूतावर बंदी सुचविलेली नाही. द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमावा, सर्व द्यूत एकाच नेमल्या ठिकाणी चालवावे, खोटे फासे वापरणाऱ्यास दंड करावा, आणि जिंकलेल्या धनातून शेकडा पाच राजाच्या खजिन्यात घ्यावे, असा जाबता त्याने घालून दिला आहे. त्यामागील व्यवहारदृष्टी अशी, की जे थांबविता येत नाही ते निदान नजरेसमोर तरी असावे. याच दृष्टीने माझ्या मागण्या आहेत. अधिकृत स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूने, आपल्या बक्षिसात कोणाचा किती हिस्सा आहे आणि आपल्यावर कोणाची किती बाकी आहे, हे लेखी कळवावे. संघटनेने त्याचे दप्तर ठेवावे, आणि एकाच धनिकाचे दोन खेळाडू समोरासमोर आले तर ती गोष्ट सामन्यापूर्वी जाहीर करावी. खेळाडूने स्वतःच्या पराभवावर, किंवा ज्या स्पर्धेत तो खेळत आहे तीतील दुसऱ्या कोणाच्याही विजयावर पैसा लावू नये, आणि लिलावात प्रतिस्पर्ध्याचा हिस्सा घेऊ नये. हा नियम मोडणाऱ्याला काय शिक्षा, तीही आगाऊ लिहून ठेवावी. मान्यता मागणाऱ्या आयोजकाने बक्षिसाची संपूर्ण रक्कम पहिला डाव सुरू होण्यापूर्वी त्रयस्थाच्या हाती अनामत ठेवावी, नपेक्षा मान्यता देऊ नये. शेवटची मागणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो : पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही त्याचा प्रवासखर्च भागेल एवढी रक्कम मिळावी. कारण ज्याला घरी परतण्याची चिंता नाही, त्याला विकत घेणे अवघड असते.

यावर असा आक्षेप येईल, की असे नियम कागदावरच राहतील आणि पैजेचा पैसा नेहमीप्रमाणे वाट काढील. काही पैसा काढील, यात शंका नाही. परंतु आज खऱ्या पाठीराख्याला आणि नुरा कुस्ती लावणाऱ्या दलालाला एकाच काळोखात उभे राहावे लागते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. दप्तर उघडले म्हणजे पहिला आपले नाव आनंदाने नोंदवील आणि दुसरा नोंदविणार नाही. ही निवड जरी साधली, तरी अर्धे काम झाले असे समजावे.

महाशय, उपदेश करण्याचा अधिकार वेळेवर पैसे चुकते करणाऱ्याला असतो. म्हणून खेळाडूंना सचोटीची शपथ घालण्यापूर्वी आयोजकांकडून अनामत घ्या, आणि मग खेळाडूंकडून त्यांच्या भागीदारांची नावे मागा. क्रम उलटा केलात तर कोणी ऐकणार नाही, आणि ऐकू नये. आपल्या पुढील सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि त्यावरील निर्णय जाहीर करावा, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

कळावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक मराठी प्रेक्षक